मीटर म्हणतो सगळं छान, विमान म्हणतं ऐकू येत नाही! (स्टेशनवरचे रेडिओ आणि सुरक्षा साधनं)

चॉक्स_ऑन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आता अडलं म्हणून लिहितेय.

मी एका एअरलाइनच्या लहानशा स्टेशनवर आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी नुकतेच निवृत्त झाले आणि त्यांच्याकडचं 'सेफ्टी आणि रेडिओ' हे खातं माझ्या गळ्यात पडलं. खातं म्हणजे एक लोखंडी कपाट, किल्ल्यांचा जुडगा आणि एक फाइल. फाइल अशी की दृष्ट लागावी. प्रत्येक महिना, प्रत्येक रकाना, बरोबरची खूण. एकाच शाईत, एकाच तिरक्या हातानं.

आता दुखणं. कंपनी फ्रिक्वेन्सीचा (म्हणजे आमच्या विमानांशी बोलायचा) आमचा बेस सेट २५ वॅटचा, अँटेना गच्चीवर, मध्ये २० मीटर को-ॲक्स केबल. गेले काही महिने विमान उतरायला वीसेक मिनिटं असताना हाक मारतं तेव्हा आम्हाला तुटक ऐकू येतं आणि आमचं त्यांना त्याहून तुटक. पाऊस पडून गेला की विचारूच नका. टेक्निशियनला बोलावलं. त्यानं मीटर लावला, एसडब्ल्यूआर (पाठवलेली शक्ती किती परत फिरते त्याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) १.२५ आला, 'एक नंबर आहे मॅडम' म्हणून सही ठोकून गेला. आता नवीन सेट मागायचा तर वरून विचारणारच की मीटर चांगलं दाखवतोय ना, मग कशाला?

दुसरं म्हणजे रॅम्पवरचे (विमानं उभी असतात तिथले) सहा वॉकीटॉकी. त्यातले तीन दुपारपर्यंत मान टाकतात.

सुरुवात कुठून करू?

---

रात्रपाळी

स्क्वेल्च (खरखर दाबून टाकणारं बटण) बघितलात का? आमच्याकडे रात्री खरखर नको म्हणून कुणीतरी ते बटण पार उजवीकडे फिरवून ठेवायचं. शांतता छान मिळते, पण बारीक सिग्नलही त्या शांततेतच बुडतो. पूर्ण उघडा, खरखर ऐकू येऊ द्या, मग खरखर जेमतेम बंद होईल तिथवरच आणा.

---

चॉक्स_ऑन

रात्रपाळी, तुमच्या तोंडात साखर पडो! बटण खरंच टोकाला होतं. आता येणारा आवाज थोडा बरा आहे. पण आमचा आवाज त्यांच्यापर्यंत अजूनही पोचत नाही.

---

अँटेनाकाका

ताई, सेट मागू नका. निदान एवढ्यात तरी.

आधी अंतराचा हिशेब करू. व्हीएचएफ लाटा जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला उंचीवर ठरतो. दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमध्ये वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ नं गुणा, किलोमीटर मिळतात. तुमची अँटेना १६ मीटरवर आणि विमान ४९०० मीटरवर धरू (मुद्दाम सोपे आकडे घेतोय). ४ आणि ७० मिळून ७४, म्हणजे तीनशे किलोमीटर. वीस मिनिटांवरचं विमान यापेक्षा खूपच जवळ असतं. ते तुटक ऐकू येतंय म्हणजे दोष आकाशात नाही, तुमच्या गच्चीपासून टेबलापर्यंतच्या वीस मीटरमध्ये आहे.

आता मीटरबद्दल. १.२५ हा आकडा मला आवडला नाही. तुम्ही म्हणाल, काका, कमी असलेलाच चांगला ना? हो, पण मीटर कुठे लावला होता? सेटच्या मागे. तिथे तो एवढंच सांगतो की पाठवलेल्यापैकी किती शक्ती परत आली. परत आली नाही म्हणजे अँटेनातून बाहेर गेली, असं आपण गृहीत धरतो. ती वाटेत केबलनंच खाल्ली असेल तरी परत येणार नाहीच! पाणी प्यायलेली केबल जाताना खाते आणि जी काही उरलीसुरली परत फिरते तीही खाते. मीटर खूश, टेक्निशियन खूश, वैमानिक बहिरा.

म्हणून एकच विचारतो, जुनं रीडिंग कुठे आहे का? केबल नवी होती तेव्हाचं?

---

नटबोल्ट

काका म्हणतात ते सोळा आणे खरं. आणि त्या फाइलीतल्या खुणांवर विश्वास ठेवू नका. मी एका ठिकाणी चाकांवरचं ५० किलोचं पावडरचं अग्निशामक बघितलं होतं. काटा हिरव्यात, पिन जागेवर, सील शाबूत, टॅगवर दर महिन्याची सही. सराव होता म्हणून ओढायला गेलो तर जागचं हलेना. एक टायर बसलेला आणि दुसऱ्या चाकाचं बेअरिंग गंजून जाम. तीन माणसांनी ढकलत नेलं, तोवर खोटी आग कधीच विझली होती. तपासणीच्या यादीत चाक नव्हतंच ना! यादीत काटा होता, काटा बघितला.

दुसऱ्या एकाच्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. बाहेरून पत्ता लागत नाही, तोंडात बोट घालून बघावं लागतं.

---

चॉक्स_ऑन

काका, फाइलीत आकडा नाही, फक्त 'एसडब्ल्यूआर तपासला' आणि पुढे खूण.

नटबोल्ट, आत्ता जाऊन आमचं ओढून बघितलं. हललं, पण किंचाळत हललं. वंगण दिलं.

---

पिवळं_जॅकेट

नटबोल्ट, खुणा करणाऱ्या माणसाला इतकं झोडू नका. मी पाच वर्षं खुणा केल्या आहेत. आलेलं विमान पस्तीस मिनिटांत परत उडवायचं असतं, हाताखाली चार माणसं, आणि ऑडिटर विचारतो ते फक्त 'रकाना रिकामा का?' त्यानं एकदाही 'ओढून दाखवा' म्हटलं नाही. कागद जसा विचारतो तसंच उत्तर मिळतं.

---

नटबोल्ट

ऑडिटर ओढायला सांगत नाही म्हणून आपण ओढायचं नाही? हे काही पटलं नाही बुवा.

---

पिवळं_जॅकेट

ओढायचं नाही असं कुठे म्हटलं? रकान्याचं नाव बदला म्हणतेय. 'अग्निशामक ठीक' असं लिहिलं असेल तर माणूस लांबूनच बघणार. 'दहा पावलं ओढलं' असं लिहिलं तर त्याला खोटं लिहिताना निदान लाज तरी वाटेल.

सीओटू सिलिंडरचंही तेच. त्याला काटाच नसतो, त्यामुळे बघून काहीही कळत नाही, वजनच करावं लागतं. भरलेल्या वायूच्या वजनात १० टक्के घट आली की भरायला पाठवायचं. किती ठिकाणी वजनकाटा असतो, सांगा बरं?

---

एक_शंका

तांत्रिक मंडळींना एक बाळबोध प्रश्न. घरचा रेडिओसुद्धा एएम सोडून एफएमवर आला. विमानं अजून एएमवर का बोलतात? तो खरखराट मुळातूनच जाईल ना?

---

अँटेनाकाका

बाळबोध अजिबात नाही. विमानांचा आवाजाचा पट्टा साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, आणि तिथे एएम ठेवण्याला कारण आहे. एफएमच्या रिसीव्हरला दोन सिग्नल एकदम आले तर तो जोरकस सिग्नल पकडतो आणि दुसरा पार गिळून टाकतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही की आणखी कुणी बोलत होतं. एएमवर दोघं एकदम बोलले तर शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. शब्द जातात, पण 'कुणीतरी आडवं आलं' एवढं तरी कळतं.

ही शिट्टी सगळ्यात महागात पडली ती २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या लॉस रोडिओस विमानतळावर. दाट धुकं, धावपट्टीवर दोन जंबो. टॉवर आणि पॅन ॲमचं विमान एकाच वेळी बोलले आणि उडायला निघालेल्या केएलएमच्या कॉकपिटमध्ये तीनेक सेकंद फक्त कर्कश आवाज पोचला. 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' हा निरोप त्या आवाजाखाली गेला. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, त्यातलं हे एक. म्हणजे शिट्टी ऐकू येणं पुरेसं नाही, ऐकल्यावर 'पुन्हा सांगा' म्हणणारं कुणीतरी लागतं.

तुमचे रॅम्पवरचे वॉकीटॉकी मात्र बहुतेक एफएमच असणार. तिथे शिट्टीही येत नाही. पुशबॅकच्या वेळी (विमान मागे ढकलताना) दोघं एकदम बोलले तर एकाचं बोलणं हवेत विरतं आणि त्याला वाटतं की आपलं ऐकलं. म्हणून समोरच्यानं निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरू नका.

---

रात्रपाळी

वॉकीटॉकीवरून आठवलं. एकदा आमचा अख्खा चॅनेल काही मिनिटं बंद. नुसती घासल्याची खसखस आणि मधूनच कुणाचं तरी गुणगुणणं. लोडरच्या खिशात सेट, त्यावर जाड जॅकेट आणि बोलायचं बटण दाबलेलं. गाणं बेसूर होतं हे सगळ्या स्टेशनला कळलं, त्याला सोडून.

बटणावरचं रबर ग्रीसनं आणि सॅनिटायझरनं कडक होतं, मग दाबलेलं बटण परत वर येत नाही. महिन्यातून एकदा पुसा आणि दाबून-सोडून बघा. सेटमध्ये टाइमआउटची सोय असते, ती ६० सेकंदांवर लावून घ्या, म्हणजे अडकलेला सेट आपला आपण गप्प होतो.

बॅटऱ्यांचं सांगायचं तर प्रत्येकीवर वापरात आल्याची तारीख मार्करनं लिहा. चार्जरचे आणि बॅटरीचे पितळी ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. निम्म्या 'मेलेल्या' बॅटऱ्या नुसत्या मळलेल्या निघतात. जी फुगली ती त्याच मिनिटाला बाजूला, 'आजचा दिवस चालेल' हा प्रकार लिथियमशी नको. आणि माणसांना सांगा, सेट अँटेनाला धरून उचलू नका!

---

चॉक्स_ऑन

काका!!! सापडलं!

फाइलीत नव्हतं, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला होतं. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि पुढे 'नवी केबल, १.६'. तोच तिरका हात. इतके दिवस मी मनातल्या मनात त्या गृहस्थांना नावं ठेवत होते.

पण म्हणजे १.६ वरून १.२५. सुधारलाच की!

---

अँटेनाकाका

ताई, अँटेना उन्हापावसात उभी राहून आपोआप सुधारत नाही. त्या पेन्सिलवाल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

आता दोन कामं. तुमच्या अधिकृत टेक्निशियनला घेऊनच करा, आकाशात गडगड असेल तर गच्चीवर पायही ठेवू नका.

पहिलं, वर अँटेनापासून केबल सोडवा, तिचं ते टोक मोकळं ठेवा आणि खालून अँटेना ॲनालायझरनं मोजा. सेटनं नको, टोक मोकळं असताना सेट वाजवला तर त्याच्या आउटपुटचा जीव जाईल. मोकळ्या टोकावरून सगळी शक्ती परत फिरायला हवी, म्हणजे आकडा भयंकर यायला हवा. तुमच्या लांबीची निरोगी केबल पाच-सहा दाखवेल. दोनच्या आसपास दाखवला तर केबल पोटभर जेवतेय.

दुसरं, वरच्या टोकाला वॉटमीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती पचवणारं साधन) लावा, खालून सेटवर बोला आणि वर किती वॅट पोचतात ते वाचा.

मी हे शहाणपण फुकट शिकलेलो नाही. उमेदीच्या काळात एका स्टेशनवर असाच छान एसडब्ल्यूआर बघून मी लागोपाठ दोन सेट बदलले होते. तिसरा मागितला तेव्हा एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं न बोलता शिडी आणून माझ्यासमोर ठेवली.

---

नटबोल्ट

शिडी आणताच आहात तर टोबारसुद्धा (विमान ढकलायचा-ओढायचा दांडा) बघून घ्या. त्यात शिअर पिन असते ती जास्त जोर आला की स्वतः तुटते आणि नाकाच्या चाकाचा पाय वाचवते. सुटी पिन संपली म्हणून कुणी मापाचा साधा बोल्ट ठोकलाय का ते बघा. बोल्ट तुटत नाही, हाच त्याचा दोष! मग तुटतं ते विमानाचं. मी दोनदा असे बोल्ट काढलेत, दोन्ही वेळा बसवणाऱ्याचं म्हणणं एकच, 'पिनपेक्षा मजबूत आहे की.'

---

पिवळं_जॅकेट

माझ्या नावाला जागून एक सांगते. जॅकेटच्या आतल्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत चालेल तो आकडा असतो, तो कुणीच वाचत नाही. दिवसा सगळीच जॅकेटं पिवळी दिसतात. रात्री एक नवं आणि एक जुनं शेजारी टांगा, वीसेक पावलं लांब जा आणि टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला धरून मारा. छातीशी धरून नाही. त्या पट्ट्या प्रकाश आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून डोळा टॉर्चजवळच हवा. जुन्याची पट्टी राखाडी दिसली तर ट्रॅक्टरवाल्यालाही ती राखाडीच दिसतेय.

कानावरच्या मफच्या गाद्याही दाबून बघा. कडक झाल्या असतील, भेगा असतील तर आवाज सरळ आत येतो. आणि आयवॉश असेल तर आठवड्यातून एकदा पाणी सोडाच. आमच्याकडे कित्येक दिवसांनी सोडलं तर आधी लालभडक गंज आला. तो कुणाच्या डोळ्यात गेला असता?

---

एक_शंका

अवांतर: मग गरम ब्रेकवर कुठलं अग्निशामक मारायचं? आमच्याकडे यावरून दोन तट आहेत.

---

नटबोल्ट

नुसतं गरम असेल, आग नसेल तर काहीच मारू नका. लांब राहा, माणसं हटवा, अग्निशमन दलाला कळवा, थंड होऊ द्या. जावंच लागलं तर चाकाच्या पुढून किंवा मागून, बाजूनं कधीच नाही, कारण चाक फुटलं तर तुकडे बाजूला उडतात. तापलेल्या चाकावर सीओटूचा गार झोत म्हणजे तडकायला आमंत्रण. आग लागलीच तर पावडर, आणि दल पोचलं की काम त्यांचं.

---

रात्रपाळी

आणि ताई, सेट दुरुस्त झाल्यावर उत्साहाच्या भरात १२१.५ वर (आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर) 'हॅलो हॅलो' करू नका, हसू नका, होतं असं. चाचणी आपल्याच फ्रिक्वेन्सीवर, आधी ऐकून, दहा सेकंदांच्या आत.

---

चॉक्स_ऑन

मंडळी, मोठा अपडेट. उशीर झाला त्याबद्दल माफी, दोन दिवस पाऊस थांबायची वाट बघत होते.

टेक्निशियन तोच होता. आधी जरा फुरंगटला, पण काकांचा प्रतिसाद वाचायला दिला तर 'ॲनालायझर घेऊन येतो' म्हणाला. वरचं टोक मोकळं सोडून मोजलं, २.१. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग वर वॉटमीटर आणि डमी लोड लावला. खालून २५ वॅट पाठवले, वर पोचले ९.

कनेक्टर उघडला. वरची टेप उन्हानं तडकून बिस्किटासारखी झाली होती. तिच्याखाली कुणीतरी सिलिकॉन थापलं होतं, आंबूस वास येणारं. टेक्निशियन म्हणाला त्याच्यातल्या ॲसिडनंच तांबं खाल्लं. केबल चिरली तर आतली जाळी चकचकीत असायला हवी ती काळी-हिरवी. हे वर. आता ऐका, खाली सेटच्या मागचा कनेक्टर सोडवला तर त्यातून टेबलावर पाण्याचा थेंब पडला. वीस मीटर जाळीतून झिरपत पाणी घरात आलं होतं!

केबल नवी घातली, त्याच जातीची. कनेक्टरवर आधी एकजीव होणारी रबरी टेप, वर उन्हाची टेप, दोन्ही खालून वर गुंडाळली म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी ओघळून जातं. भिंतीतून आत शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा वळसा दिला, थेंब तिथेच गळून पडावेत म्हणून.

आता वर १८ वॅट पोचतात. काल वीस मिनिटांवरच्या विमानानं पहिल्याच हाकेला 'रीडेबिलिटी फाइव्ह' (अगदी स्पष्ट ऐकू येतंय) म्हटलं आणि मी उगीचच तीनदा आभार मानले.

वॉकीटॉकीच्या तीनपैकी दोन बॅटऱ्या नुसत्या मळलेल्या निघाल्या. तिसरी फुगली होती, ती काढली. टोबारमध्ये बोल्ट नव्हता, पण सुटी पिनही एकच होती, जास्त मागवल्यात. फाइलीतले रकाने पिवळं_जॅकेट म्हणतात तसे बदलतेय, 'ओढलं', 'वजन केलं', 'वर किती वॅट'.

फक्त एक गंमत राहिली. नवा एसडब्ल्यूआर १.६ आला. ड्यूटी ऑफिसरनं कागद बघितला आणि म्हणाले, 'आधी १.२५ होता ना? नवी केबल टाकून बिघडवलात की!'

---

अँटेनाकाका

हा हा हा! त्यांना सांगा, आता मीटर खरं बोलायला लागलाय.

पण ताई, ते अगदीच चुकीचं बोलले नाहीत. निरोगी केबलसुद्धा थोडं खातेच, म्हणजे खाली १.६ दिसतोय तर अँटेनाच्या पायथ्याशी तो दोनच्या जवळ असणार. दोन वर्षांपूर्वीही असणार, कारण तेव्हाही १.६ च होता. सेटला त्यानं काही होत नाही, पण अँटेना दोनला का आहे हे बघायला हवं. तिचा पाया सोडवा. खालच्या रॉडच्या बुडाशी गंज, किंवा एखादा रॉड सैल, असं काहीतरी निघेल.

---

चॉक्स_ऑन

शिडी परत केली होती. पुन्हा मागवलीय.